बापूचा खुराक, माझा खुराक

साताऱ्यातल्या आमच्या गॅलरीत एक काळी दगडी कुंडी आहे. झाडाची नव्हे. रुंद तोंडाची, जाड बुडाची, आतून म्हशीच्या पाठीसारखी गुळगुळीत. दोन्ही हातांनी कवेत घेऊन ती उचलावी लागते, आणि उचलली की कंबर आपलं वय सांगते. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, "अय्या, चिमण्यांच्या पाण्यासाठी का हो? किती छान वस्तू मिळाली तुम्हाला!" मी मान ताठ केली, पदर सावरला आणि म्हटलं, "राजघराण्यातून आलीय." बाई दोन पावलं मागं सरकल्या.

खोटं नव्हतं ते. आमच्या घरात एक राजा होता. माझा थोरला भाऊ, बापू. पंचक्रोशीत त्याला बापू पैलवान म्हणायचे. या कुंडीत त्याची थंडाई घोटली जायची.

परवा तिच्यातली धूळ पुसताना मी सहज नाक आत घातलं. इतक्या महिन्यांनंतरही खसखशीचा वास. खाली थोडी बडीशेप, आणि अगदी तळाशी काळ्या मिरीची चाहूल. मी तिथंच फरशीवर फतकल मारून बसले. आमचे हे आतून ओरडले, "अगं, चहा झाला का?" मी म्हटलं, "मी गावी गेलेय." आणि खरोखरच गेले.

कराड सोडून सांगलीकडं निघालं की रस्ता उसाच्या दोन भिंतींमधून जातो. अशाच एका फाट्यावर उतरून आत चालत गेलं की आमचं गाव. पहाटेच्या अंधारात म्हशीखाली बसलेली आई. रिकाम्या बादलीत पहिली धार पडायची तेव्हा पत्र्यावर कुणी खडे मारल्यासारखी वाजायची. दूध वर चढत गेलं की तो आवाज जाड व्हायचा, मऊ व्हायचा, शेवटी फेसात बुडून जायचा. अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे न उघडता मला कळायचं की आज म्हैस खुशीत आहे की रुसलीय. गोठ्याच्या दारात बापू पितळी तांब्या घेऊन उभा असायचा. आई तांब्या भरायची आणि तो उभ्यानंच, ऊन ऊन, एका दमात रिकामा करायचा. त्याच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी यायची. आई ती पदरानं पुसायची. रोज.

आणि मला? मला चहा. त्यात दूध नसायचं असं नाही हं, असायचं. चहाला कळू नये इतपत असायचं.

यात कुणी दुष्ट नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्यावर जीव टाकायचे. आईनं मला कधी उपाशी ठेवलं नाही. भाकरी, आमटी, ठेचा, परड्यातली भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं पोटभर. पण दूध, तूप, बदाम यांचा रस्ता घरात ठरलेला होता आणि तो माझ्या ताटाला वळसा घालून जायचा. गावात ज्या ज्या घरी पैलवान होता, त्या त्या घरच्या पोरींची हीच कथा. आम्ही पाणवठ्यावर भेटलो की एकमेकींच्या भावांचे खुराक सांगायचो. "आमच्या आण्णाला काल पायाचा रस्सा केलता." "आमच्या दादाला तुपातला शिरा." ऐकताना आम्हालाच ढेकर यायचे.

भिजवलेले बदाम सोलायचं काम माझं. भिजलेला बदाम दोन बोटांत दाबला की सालीतून टुणकन उडी मारतो. कधी वाटीत, कधी चुलीच्या राखेत. आणि कधी कधी अगदी माझ्या तोंडात. मी काही संत नाही. मग आई कुंडी दोन्ही पायांच्या मध्ये धरून बसायची, कडुलिंबाच्या लाकडाचा लांब दांडा हातात घ्यायची आणि घर्र घर्र सुरू. बदाम, खसखस, बडीशेप, मगज बी, मिरी. घोटता घोटता तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळायचं. हिरवट पांढरा गोळा तयार झाला की त्यात दूध, खडीसाखर, वेलदोडा. चरवी भरायची, वर फडकं बांधायचं आणि ती चरवी घेऊन मी तालमीकडं.

तालमीच्या उंबऱ्यापर्यंत. आत नाही.

"पोरी, तितंच थांब! पाऊल आत टाकू नगंस!" वस्तादांचा आवाज अंधारातून यायचा. ते गावच्या पोरांना कुस्ती शिकवायचे, आणि त्यांचा शब्द सरपंचाच्या वर होता. मी उंबऱ्याबाहेरून नाकानं आत जायची. तांबड्या मातीचा वास. त्या मातीत तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, आणि घागरीच्या घागरी ताक ओतलेलं असायचं. थाप, धाप, हुंकार. घामेजलेल्या पाठींचा मऊ उजेड.

मी एकदा विचारलं, "वस्ताद, मातीला ताक कशाला?"

"आगं, माती बी पैलवानच. तिला बी खुराक लागतो. न्हाई घातला तर रुसती, अंग सोलून काढती."

मी चरवी खाली ठेवली आणि मारुतीच्या देवळात जाऊन हात जोडले. म्हटलं, देवा, पुढच्या जन्मी तालमीतली माती कर. निदान ताक तरी मिळेल.

जत्रेच्या दिवसांत हलगी घुमायला लागली की गावातल्या गुरांनाही कळायचं, आज मैदान. बापूच्या अंगाला माती लागलेली, कान मोडून मुटक्यासारखे झालेले, मांड्या अशा की दोन पोरांनी मिळून मिठी मारावी. तो समोरच्याला चीतपट करायचा आणि फेटे उडायचे. त्याला खांद्यावर घेऊन लोक आधी देवळात जायचे आणि तिथून आमच्या दारात. बायाबापड्या आईला घेरायच्या. "काय घालतीस गं लेकराला? सांग की!" आई पदर तोंडाला लावून लाजायची. तिनं बापूची एकही कुस्ती पाहिली नाही, तिचं काळीजच होत नसे. पण तिच्या आयुष्यातलं मैदान ते होतं, आमच्या दारातलं. तिथं ती कधी हरली नाही.

बापूचा गुडघा गेला तो जतच्या बाजूला एका जत्रेत. कोरडं रान, लांबवर मेंढ्यांचे कळप, टँकरच्या पाण्यानं भिजवलेला आखाडा. समोरचा पैलवान कर्नाटकातला. त्यानं पट काढला, पाय धरून खेचला, आणि बापूच्या गुडघ्यातून असा आवाज आला की हलगीवाल्याचा हात थांबला. मी तो आवाज या कानांनी ऐकला, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. बापू म्हणायचा, "खोटारडे, तू घरात व्हतीस!" होते मी घरात. पण ऐकला.

त्यानंतर दुखणं मारणारी एक पांढरी गोळी घरात आली. गोळी खायची, गुडघ्याला पट्टी बांधायची आणि मैदानात उतरायचं. काही हंगाम असे गेले. मग कुस्ती सुटली, कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं. गोळी सुटली नाही, कारण गुडघा रोज ठणकायचा. आणि खुराकही सुटला नाही. आई म्हणायची, "पैलवानाचं अंग हाय. एकदम तोडलं तर ढासळंल." रिकाम्या झालेल्या त्या पैलवानाला ती भरतच राहिली. माझं लग्न होऊन मी साताऱ्याला आले, शाळेत शिकवू लागले, पोरांची नाटकं बसवू लागले. आबा साखरेच्या आजारानं गेले. बापूचं पोट पुढं आलं, रक्तदाब वाढला. दर दिवाळीला गेले की त्याच्या हातात तोच पितळी तांब्या.

मग एका वर्षी त्याचे पाय सुजले. तोंड सुजलं. सकाळी उलट्या व्हायला लागल्या. मिरजेला दाखवलं. दोन्ही किडन्या संपत आलेल्या.

डॉक्टरबाई शांत होत्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी बापूला समोर बसवून सांगायला सुरुवात केली. "दूध बंद. केळी बंद. बदाम, खजूर, शेंगदाणे बंद. नारळपाणी तर अजिबात नाही."

बापू खदखदून हसायला लागला.

"काय झालं हो?"

"मॅडम, तुमी माझा खुराकच वाचला की वो! वस्तादांनी सांगितला तसाच्या तसा. फकस्त म्होरं 'बंद' लावत गेला."

डॉक्टरबाईही हसल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "आणि पाणी मोजून." तेव्हा मात्र बापूचं हसू थांबलं. घागरीला तोंड लावून पाणी पिणारा माणूस तो.

बाहेर बाकावर आई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "किडनी म्हंजी काय गं?"

"रक्ताची चाळण, आई. बापूची चाळण फाटलीय."

आईनं विचार केला. "मग धान्य चांगलं घालाय पायजे," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण घट्ट केलं.

आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिसचं मशीन सुरू झालं. वहिनी भाज्या उकळून त्यांचं पाणी ओतून द्यायच्या आणि उरलेला चोथा फोडणीला टाकायच्या. बापू तो खायचा. खाताना डोळे मिटायचा. पैलवानाचं ते अंग उन्हात विसरलेल्या भोपळ्यासारखं आत आत बसत चाललं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बघा. आई वयानं बाद. वहिनींचं जुळेना. त्यांना मूलबाळ नाही. उरले मी. आमच्या घरात शेवटी मीच उरते, यात नवीन काही नव्हतं. माझ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई कागद पुढं-मागं करून बघत राहिल्या. "या वयात इतकी स्वच्छ तब्येत? काय खाता तुम्ही?"

"उरलेलं."

"म्हणजे?"

"लग्नाआधी भावाचं झाल्यावर उरलेलं. लग्नानंतर नवऱ्याचं आणि पोरांचं झाल्यावर उरलेलं."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तेच चालू ठेवा. ऑपरेशनपर्यंत खाण्यात काही बदल करू नका." कागदपत्रांना, परवानगीला दोनेक महिने लागणार होते.

ही बातमी गावात आईला कळली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती साताऱ्याच्या स्टँडवर उतरली. एकटी. सोबत लुगड्यात बांधलेली ही कुंडी. कंडक्टर ती खाली उतरवताना वाकला आणि म्हणाला, "आजी, काय भरलंय ह्यात?"

"माझ्या लेकाचा जीव हाय."

"मग अर्ध्या तिकिटाचे पैसे ऱ्हायले की!"

आई काही हसली नाही. ती माझ्या घरी कधी राहत नसे. लेकीच्या घरचं खाऊ नये, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. उभ्या उभ्या यायची, पाणी प्यायची, जायची. त्या दिवशी मात्र तिनं पिशवी ठेवली, पाय धुतले, थेट स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसली आणि कुंडी पायांच्या मध्ये घेतली.

"आई, डॉक्टर म्हणाल्यात काही बदलायचं नाही."

"त्यांनी कवा पैलवान पोसलाय?" तिनं दांडा हातात घेतला. "एका अंगानं दोघांस्नी जगवायचं हाय तुला. बाळंतिणीला घालतो का न्हाई आपण? ह्ये त्येच्यापरीस मोठं काम हाय."

घर्र घर्र. साताऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर माझं गाव वाजायला लागलं.

पहिल्या सकाळी तिनं पेला माझ्या हातात दिला. मी प्यायले. आई समोर उभी राहून बघत होती. पेला खाली ठेवला तेव्हा माझ्या वरच्या ओठावर फेस होता, आणि आईनं तो पदरानं पुसला. आता तुम्ही म्हणाल, नको म्हणायचं होतंस. म्हणा. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या ओठावरचा दुधाचा फेस तिच्या आईनं पदरानं पुसला, तर ती बाई दुसऱ्या सकाळी काय करील? ती पेला घेऊन आधीच उभी असेल.

काय ते दिवस होते! सकाळी थंडाई. नाश्त्याला तुपातला शिरा. दुपारी भाकरीवर लोणी. संध्याकाळी डिंकाचा लाडू, मेथीचा लाडू, मग खारीक घालून आटवलेलं दूध. मी राणीसारखी पाटावर बसायची. आमचे हे ताटाकडं बघत म्हणायचे, "सासूबाई, मलाही कुणाला तरी किडनी द्यायचीय हो." आई त्यांना एक लाडू द्यायची, छोटा निवडून. माझे ब्लाउज शिवणीवर आले. मी आरशात गाल फुगवून बघायची आणि आईला दंड काढून दाखवायची. आई बोटांनी दंड दाबून बघायची, अगदी बापूचा बघायची तसा, आणि म्हणायची, "आता जरा भरलीस."

शेवटच्या तपासण्यांना मी डौलात गेले.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिले. पुन्हा पाहिले. "दोन महिन्यांत काय खाल्लंत?"

मी सांगितलं. अभिनय करून सांगितलं. कुंडीचा आवाज काढला, कंडक्टर केला, आमचे हे केले. समोरचा चेहरा हलला नाही तेव्हा हळूहळू माझा आवाज खाली आला.

"वडलांची साखर तुमच्यातही दबा धरून होती," त्या म्हणाल्या. "कधी ना कधी आलीच असती. ती आता आलीय, आणि वजन बरंच वाढलंय. या स्थितीत मी तुमची किडनी काढू शकत नाही. उद्या तुम्हालाच तिची गरज लागेल. वजन उतरवा. साखर ताब्यात आली तर पुन्हा विचार करू."

बापू बाहेर बाकावर होता, शेजारी वहिनी. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. मग त्याचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, बरगड्या धरून.

"तायडे," तो म्हणाला, "माझ्या खुराकानं माझी गेली, आन तुझ्या खुराकानं बी माझीच गेली की गं!"

वहिनी रडत होत्या. मी हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येतंय हे मला हनुवटी ओली झाल्यावर कळलं. मग बापूनं माझं मनगट पकडलं. पकड अजून पैलवानाची होती.

"आईला ह्यातलं कायबी कळता कामा न्हाई. मी मेलो तरी न्हाई. तिनं जन्मभर एकच काम केलंय."

"मग तिला काय सांगू?"

"तू नाटकवाली. सांग कायतरी."

मी आईला सांगितलं, माझी किडनी बारीक भरली. बापूच्या धिप्पाड अंगाला पुरायची नाही.

"बारीक?" आई म्हणाली.

"हो. बारीक."

ती बराच वेळ हाताच्या रेषा बघत बसली. दुसऱ्या दिवशी गावाकडं निघाली. कुंडी मात्र नेली नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. घेत जा रोज. वाढंल अजून."

मी वजन उतरवायला लागले. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण. धापा टाकत, घाम पुसत, पायांना शिव्या देत. भाकरी, पालेभाजी, ताक. गोडाकडं पाठ. आठवड्यातून एकदा तरी आईचा फोन यायचा.

"थंडाई घेतीस न्हवं?"

"घेते की."

"कोण घोटतंय?"

"मीच घोटते. हे बघ." मी फोन कट्ट्यावर ठेवायची आणि रिकाम्या कुंडीत दांडा फिरवायची. घर्र घर्र. आई पलीकडून ऐकायची. "जरा जोर लाव," म्हणायची. मी जोर लावायची.

शनिवारी मी मिरजेला जायची, बापू मशीनवर असायचा तेव्हा. त्याचं रक्त नळीतून बाहेर जायचं आणि स्वच्छ होऊन परत यायचं. ओठ फुटलेले. पाण्याचा त्या दिवसाचा वाटा सकाळीच संपलेला. एकदा म्हणाला, "तायडे, थंडाई सांग."

"काय सांग?"

"सांग. कशी लागती ते. मी विसरलो."

जन्मभर ती प्यायलेला तो, आणि दोन महिने प्यायलेली मी. मी खुर्ची पुढं ओढली आणि सुरू केलं. रात्रभर पाण्यात फुगलेले बदाम. सालीतून उड्या मारणारे. खसखस घोटताना आधी कुरकुरते, मग तेल सुटलं की दांड्याला चिकटते. मिरी जिभेच्या टोकावर चावते आणि लगेच बडीशेप येऊन तिची समजूत काढते. दूध थंड, पण दगडाचं थंड. पहिला घोट तोंडात गोल फिरवायचा, दुसरा सरळ खाली सोडायचा. बापूचं घाटीचं हाड वर-खाली होत होतं. तो गिळत होता.

शेजारच्या खाटेवर मिरजेतले एक चाचा होते, तंतुवाद्यं घडवणारे. त्यांची बोटं चादरीवर हलत होती. माझं संपल्यावर म्हणाले, "ताई, पुढच्या शनिवारी शीरखुर्मा सांगा. आमच्या घरचा मी सांगतो कसा करतात, तुम्ही फक्त वाढा."

मी वाढला. त्याच्या पुढच्या शनिवारी मटणाचा तांबडा रस्सा. मग आमरस. त्या खोलीत कुणालाच यातलं काही चालत नव्हतं. सगळे जेवायचे. नर्स म्हणायची, "बाई, यांचा बीपी वाढवू नका."

माझी साखर उतरत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या महिन्यात परत तपासू. बापूला सांगितलं तर तो म्हणाला, "बारीक ऱ्हा म्हंजी झालं."

एका सकाळी गडावरून उतरताना वहिनींचा फोन आला. "वन्सं, या." एवढंच.

मी पोचले तेव्हा त्याला सोप्यात घेतलं होतं. तालमीतली म्हातारी झालेली पोरं उशा-पायथ्याशी बसलेली. त्याच्या गालाची हाडं वर आलेली. इतका हलका झाला होता की उचलायला चौघंही लागले नसते. तरी तालमीतले सगळे आळीपाळीनं खांद्याला लागले.

दिवसकार्य उरकलं. पाहुणे पांगले. आई काळा चहा घ्यायची, बाकी काही नाही. वहिनी ताट घेऊन जायच्या आणि तसंच परत आणायच्या. मी विनवण्या केल्या, रागावले, नकला केल्या. ती भिंतीकडं बघत बसायची.

मी साताऱ्याला परतायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघीच सोप्यात होतो. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. आई एकदम म्हणाली, "केवढी व्हती गं?"

"काय?"

"तुझी किडनी. बारीक हाय म्हणालीस न्हवं. केवढी?"

मी मूठ वळून दाखवली.

"तवा तुला बी रोज दूध दिलं असतं," आई म्हणाली, "तर झाली असती का गं ती त्येच्याएवढी?"

जन्मभर मी कुठल्या दृश्यात अडखळले नाही. शाळेत पोरं संवाद विसरली की विंगेतून मीच बोलते. त्या दुपारी मला कुणी विंगेतून काही सांगितलं नाही. नाही म्हणाले असते तर ती विचारणार होती, मग का नाही घेतली? आणि आई असं विचारायला लागली की खऱ्यापर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. खरं होतं तिच्या हातांत, लिंबाच्या दांड्यानं घट्टे पडलेल्या त्या हातांत. पोरीला दूध न देणाऱ्या आया आमच्या आळीत घरोघरी होत्या. त्या दुःखात तिला सोबत होती. दुसऱ्या दुःखात ती एकटी पडली असती.

"व्हय आई," मी म्हटलं. "झाली असती."

ती माझ्याकडं वळली. बापू गेल्यापासून तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

"चुकलं गं बाई माझं."

हे वाक्य मी लहानपणापासून कितीदा मनात बसवलं होतं. ती असं म्हणेल, मग मी अशी मान फिरवीन, मग असं एक सणसणीत काहीतरी बोलेन. सगळं पाठ होतं. ते वाक्य आलं, आणि आलं ते असं.

मी म्हटलं, "भूक लागलीय, आई."

ती हात टेकून उठली. आत भाकरीचा आवाज झाला, पातेलं सरकलं. तिनं मला वाढलं. मग क्षणभर उभी राहिली, दुसरं ताट घेतलं आणि माझ्या शेजारी बसून जेवली.